थॉर्नरिगचं वारूळ

रश्मीला आठवा महिना लागला होता आणि आम्ही तिला टेकडी चढवत होतो. मला हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. गल्ली दगडी, त्यात ओली, आणि चढ असा की वरून येणारी माणसं घरांच्या भिंतींना हात लावत उतरत होती. मी रश्मीच्या मागे, दोन्ही हात थोडे पुढे धरून चालत होतो. घसरलीच तर निदान माझ्यावर पडावी. तिची आई धनवंता, म्हणजे माझी मोठी बहीण, मी तिला बाई म्हणतो, आम्हा दोघांच्याही बरीच पुढे होती. लुगड्यावर जावयाचा जाड कोट, डोक्याला स्कार्फ, पायात लेकीनं घेऊन दिलेले बूट.

"बाई, हळू," मी हाक मारली.

"मी हळूच चालून राहिली. तू काऊन असा हात पसरून चालून राहिला? कोंबडी धरतं का?"

रश्मी हसली आणि हसता हसता थांबली. कमरेवर हात ठेवून तिनं दम घेतला. मी पाण्याची बाटली काढली.

"मामाजी, टेन्शन मत लो," ती म्हणाली. "डॉक्टरनं चालायला सांगितलंय."

"चालायला सांगितलं असेल. चढायला सांगितलं का?"

थॉर्नरिग हे गाव इंग्लंडच्या उत्तरेला एका टेकडीच्या माथ्यावर आहे. काळ्या दगडाची घरं, एक चर्च, एक खानावळ, आणि चर्चमागे गावाच्या शाळामास्तराचं जुनं घर. त्या मास्तराची बहीण कादंबऱ्या लिहायची. दोनच लिहिल्या आणि चाळिशीच्या आत गेली. रश्मी गोंदियाला नर्सिंग शिकत असताना होस्टेलच्या कपाटात तिला यातल्या एकीची संक्षिप्त आवृत्ती सापडली होती, पहिली काही पानं नसलेली. ती तिनं किती वेळा वाचली कोण जाणे. आता ती त्याच मुलुखात, खालच्या शहरातल्या दवाखान्यात नोकरी करते. मूल झालं की दोन-तीन वर्षं कुठं जाणं होणार नाही, त्याआधी ते घर बघायचं, असा तिचा हट्ट होता. तिच्या सोबतच्या एका नर्सच्या आईचं थॉर्नरिगमध्ये छोटं घर होतं, ते शनिवार-रविवारसाठी रिकामं मिळालं. जावई उमेंद्र गोदामात गाडी चालवतो. त्याची शनिवारची ड्युटी होती. त्यानं आम्हाला सकाळी गल्लीच्या पायथ्याशी सोडलं आणि संध्याकाळी येतो म्हणाला. म्हणजे दिवसभर आमच्याकडे गाडी नव्हती, हेही मला पसंत नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात आहे. निवृत्तीला थोडे महिने राहिलेत. साठलेली रजा होती म्हणून बहिणीला इंग्लंडला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. ती एकटी गेली असती तरी पोचली असती, असं आता वाटतं. पण तेव्हा मला तिचा पासपोर्ट तिच्या हातात द्यायचीही भीती वाटत होती.

धनवंता चिचगडची. तिचं माहेर तेच आणि सासरही त्याच गावात, चार घरं सोडून. आमचं घर गोंडाचं. रानाशिवाय आमचं वर्ष फिरत नाही. मोह, चारोळी, तेंदूपत्ता, टोळ म्हणजे मोहाची फळं, बांबूचे कोंब, ज्या महिन्यात जे निघेल ते तिनं वेचलं. माझं बी.कॉम. गोंदियाला झालं ते त्या वेचण्यावर. यादोराव भाऊजी गेले तेव्हा रश्मी शाळेत होती, तिचं शिक्षणही त्यावरच झालं. सात्यांच्या दिवसांत तर बाईशिवाय गावाचं पान हलत नाही. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी रानातली अळिंबी. पोरंसोरं टोपलीभर काहीबाही तोडून आणतात आणि शिजवण्याआधी बाईच्या ओट्यावर ओततात. ती बोटानं दोन भाग करते. हे खा, हे फेका. तिनं फेका म्हटलेलं कोणी घरी नेल्याचं मला आठवत नाही.

रश्मीला डोहाळे लागले ते नेमके सात्यांचे. फोनवर आईला म्हणाली, "माय, सात्याची भाजी खावीशी वाटते. बाकी काहीच गोड लागत नाही." झालं. आमच्याकडे पोटुशीची इच्छा राहून गेली तर ते सगळ्या घराला लागतं असं मानतात. बाईनं वाळवलेल्या सात्यांची पिशवी सामानात घातली. मी विमानाचे आणि त्या देशाचे नियम वाचले होते. काय चालतं आणि काय चालत नाही हे स्पष्ट नव्हतं, आणि जे स्पष्ट नाही ते मी नेत नाही. पिशवी गोंदियाजवळ मुर्रीच्या माझ्या घरी राहिली. बाई नागपूरच्या विमानतळापर्यंत माझ्याशी बोलली नाही. पोचल्यावर तिनं लेकीचं पोट पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "तुझ्या मामानं आणू नाई देल्ल्या."

तर आम्ही वर पोचलो. मास्तराचं घर आता पाहण्यासाठी उघडं ठेवलेलं असतं. छत इतकं खाली की मला वाकावं लागलं. लेखिकेचं टेबल, दौत, काचेच्या पेटीत तिचे हातमोजे. रश्मी त्या टेबलासमोर उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. मला वाटलं कळ आली.

"काय होतंय?"

"काही नाही मामाजी. इथं बसून लिहायची ती."

बाईनं खोली एकदा नजरेखालून घातली. चूल कुठं होती ते पाहिलं.

"हिले लेकरं?" तिनं विचारलं.

"लग्नच नव्हतं केलं," रश्मी म्हणाली.

"मंग हे सगळं कोण सांभाळून राहिलं?"

"गावानं सांभाळलं, माय."

"बरं केलं," बाई म्हणाली. "मास्तरच्या बहिणीले कोण एवढं पुसतं? आपल्या इथी तर मास्तरलेच नाई पुसत." आणि मागच्या दारानं ती बाहेर पडली.

आम्ही वरचा मजला पाहून उतरलो तर ती कुठं दिसेना. चर्चच्या आवारात नाही, रस्त्यावर नाही. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही, फोन ती नेहमी बंद ठेवते, आणि मागे नुसतं मोकळं माळरान पसरलेलं. मी रश्मीला बाकावर बसवलं आणि दगडी कुंपणाचं फाटक उघडून धावलो. धावण्याची सवय नाही. थोड्या अंतरावर ती दिसली तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता.

ती वाकून उभी होती. कोटाचे दोन्ही खिसे फुगले होते, स्कार्फ सोडून त्याची झोळी केली होती.

"योगराज, हे पाह्य. वारूळ."

त्या चराईच्या जमिनीवर गवतानं झाकलेले गुडघ्याएवढे उंचवटे होते, एक-दोन नव्हे, लांबवर. तिनं एकाचं गवत बाजूला केलं. आत बारीक पिवळ्या मुंग्या पळत होत्या. आणि उंचवट्यांच्या कडेनं पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या, काही मिटलेल्या, काही ताटलीएवढ्या उघडलेल्या.

"इथं सात्या कुठून येणार, बाई?"

"वारूळ हाय, मंग सात्या काऊन नाई येणार? आपल्यापेक्षा जराशा बुटक्या हायत. थंडी हाय ना इथी." तिनं एक नाकाशी नेली. "वास बी तसाच हाय."

त्या वेळी मला एकच काळजी होती. ही जमीन कोणाची, आणि इथून काही तोडायला परवानगी लागते का. मी फाटकाजवळची पाटी वाचून आलो. त्यावर कुत्रे साखळीनं बांधून ठेवा एवढंच लिहिलं होतं. मग मी परत गेलो आणि झोळीचं एक टोक धरलं.

रश्मीनं झोळीत पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. "माय," ती म्हणाली, "सात्या?"

"तुह्यासाठीच निघाल्या," बाई म्हणाली.

रश्मी नर्स आहे. तिनं एकदा विचारलं, "माय, पक्क्या ना?" बाईनं तिच्याकडे अशी नजर टाकली की पुढे काही विचारायची सोय राहिली नाही. खरं म्हणजे रश्मीला विचारायचं नव्हतंच. लहानपणापासून ती आईच्या निवडीवर जेवली आहे.

मुक्कामाच्या घरी येऊन बाईनं मागच्या पायरीवर कागद पसरला आणि साफ करायला बसली. आत कढईत कांदा आणि हळद चालू होती. ती एकदा आत, एकदा बाहेर. शेवटी सात्या कढईत गेल्यावर तिनं त्यात लसणाची पाकळी टाकली. पाकळी काळी पडली तर फेकायचं, पांढरी राहिली तर खायचं, ही तिची जुनी खूण. पाकळी पांढरी राहिली. तिनं मला बोलावून दाखवली.

रानातलं काही पहिल्यांदा घरात आलं की आमच्याकडे आधी पूर्वजांना देतात. तिनं कोबीच्या पानावर भात आणि थोडी भाजी घेतली, मागच्या कुंपणावर ठेवली, आणि गोंडीत काही पुटपुटली. एवढ्या लांब ते कसे येतील, असं मी विचारलं. "तू आला ना?" ती म्हणाली. मग रश्मीला वाढलं. घरात पोटुशी असली की पहिलं ताट तिचं, तिचं पोट भरेपर्यंत दुसऱ्या कोणी घास घ्यायचा नाही, हे आम्ही आजीपासून पाहत आलो. रश्मी डोळे मिटून जेवली. दोनदा मागून घेतली. बाई समोर बसून तिच्या तोंडाकडे पाहत होती. नंतर मला एक वाटी मिळाली. बाईनं कढई भातानं पुसून खाल्ली, तेवढंच उरलं होतं. फोडणीला न गेलेल्या दोन-चार कच्च्या तेवढ्या कागदावर राहिल्या.

शेजारच्या डोरीनबाई आल्या त्या हीटर नीट चालतो की नाही हे विचारायला. सत्तरीच्या, बारीक, सोबत म्हातारा कुत्रा. त्या मागच्या बाजूनं आल्या. कुत्रा पायरीवरच्या कागदाकडे गेला तसा त्यांनी त्याला एकदम मागे ओढला. मग खाली वाकल्या. उठल्या तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता.

"हे तुम्ही कुठून आणलं?"

मी टेकडीकडे हात केला.

"खाल्लं का?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. आत रश्मी पाय लांब करून बसली होती.

"तिनं?"

"तिनं जास्त खाल्लं," मी म्हणालो.

डोरीनबाईंनी आरडाओरड केली नाही. ते मला जास्त घाबरवून गेलं. त्या म्हणाल्या, या टेकडीवर चांगल्याही उगवतात आणि वाईटही, आणि वाईटातली एखादी जीव घेणारी असते. आम्ही इथं जन्मलो तरी ओळखत नाही म्हणून तोडत नाही. असं म्हणून त्यांनी कागदावरचे तुकडे कागदासकट गुंडाळले, एका डब्यात घातले आणि गाडीची किल्ली आणायला गेल्या.

मी आत येऊन रश्मीला सांगितलं. तिनं पोटावर हात ठेवला. मग फोन उचलून आपल्याच दवाखान्याला लावला. पलीकडच्या माणसाशी ती ड्युटीवर असल्यासारखी बोलली. रुग्ण स्त्री, आठवा महिना, खाऊन दीड-दोन तास, लक्षणं नाहीत. रुग्ण म्हणजे ती स्वतः, हे तिनं शेवटी सांगितलं.

"का झालं?" बाईनं विचारलं. "कायले घाई करून राहिले सगळे?"

"त्या म्हणतात त्या सात्या नसतील," मी म्हणालो.

"तिले का समजते? तिच्या गावात कोणी खात बी नाई."

"त्या विषारी असू शकतात, बाई."

"लसूण पांढरा व्हता. तुले दाखवला ना?"

"माय," रश्मी म्हणाली, "लसणानं काही समजत नाही. तसं काही नसतं."

एवढं एकच वाक्य ती आईला बोलली. बाई कोट न घालताच गाडीत बसली.

रश्मीला फोनवर सांगितलं होतं की त्रास लवकर सुरू झाला तर त्यातल्या त्यात बरं, सहा-आठ तासांनी सुरू झाला तर काळजीचं. मात्र याच्या भरवशावर राहू नका, दोन्ही प्रकार पोटात असू शकतात. हे तिनं मला मराठीत सांगितलं आणि डोकं मागे टेकलं. डोरीनबाई ती दगडी गल्ली पहिल्या गिअरमध्ये उतरत होत्या. मी पुढे बसलो होतो आणि देवाकडे मागत होतो की माझ्या भाचीला उलटी होऊ दे. माणसानं असं काही मागावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पायथ्याशी तिला उलटी झाली. गाडी थांबवून मी तिचे केस धरले. मला हायसं वाटलं आणि लगेच दुसरा विचार आला. आठव्या महिन्याची बाई, असा वळणावळणाचा उतार, तिला तर कशानंही उलटी होईल. यावरून काय समजायचं? मी स्वतःच्या पोटाकडे लक्ष देऊ लागलो. पोट शांत होतं. इतकं शांत पोट मला कधी नको वाटलं नव्हतं.

बाई मागच्या सीटवर लेकीचा हात धरून बसली होती. काय घडलंय ते तिला आता पहिल्यांदा कळलं असावं. ती एवढंच म्हणाली, "योगराज, तुले का होऊन राहिलं?"

"काही नाही."

"काहीच नाई?"

"नाही, बाई."

"मले बी नाई," ती म्हणाली.

दवाखान्यात आम्हा तिघांना विष शोषणारं कोळशाचं काळं औषध पाजलं, रक्त घेतलं. रश्मीच्या पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके एका यंत्रावर चालू केले. डोरीनबाईंनी डबा दिला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी डब्यातले तुकडे पाहिले, फोटो काढून दुसऱ्या शहरातल्या जाणकाराला पाठवले आणि सांगितलं की उत्तर यायला वेळ लागेल, सुटीचे दिवस आहेत. तोवर रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागेल. घातक प्रकार असेल तर मधे माणूस बरा झाल्यासारखा वाटतो आणि मग यकृत जातं. त्यामुळे बरं वाटलं तरी कोणी घरी जायचं नाही.

मग त्यांनी मला विचारलं, तोडताना रंग कसा होता, देठ कसा होता, तुमच्या बहिणीला विचारा.

"पांढरा," बाई म्हणाली. "पांढरं खाली, पांढरं वर."

"अजून काही?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

उमेंद्र धावत आला तो गोदामाच्या कपड्यांतच. तो सासूला मामीजी म्हणतो. माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहून तो म्हणाला, "मामीजी, तुमी तरी..." आणि तिथंच थांबला. त्यानं पुढचं बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं. बाई उठली आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली, रश्मीच्या पलंगापासून सगळ्यात लांब. ती रात्र आम्ही यंत्राचा आवाज ऐकत काढली. रश्मीला आणखी उलट्या झाल्या, मग थांबल्या. थांबल्या तेव्हा चांगलं की वाईट हे कोणालाच ठरवता येईना.

सकाळी नर्सनं बाईसमोर चहा आणि भाजलेला ब्रेड ठेवला. तिनं हात लावला नाही. दुपारच्या थाळीलाही नाही.

"बाई, खाऊन घे. तुला साखर आहे."

"खातो," ती म्हणाली. आमच्याकडे बाया स्वतःबद्दल असंच पुरुषासारखं बोलतात. "पहिले ते कागद येऊ दे."

दुसऱ्या रक्ताचा कागद आला. तिघांचंही यकृत ठीक. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, पण आणखी एक तपासणी. मी तो कागद नर्सकडून घेऊन आकडे पुन्हा पाहिले. वाचता येण्यासारखे तेवढेच होते. शेजारी छापलेल्या हद्दीच्या आत होते एवढं मला कळत होतं. बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"आत हाय का?"

"आत आहे."

"पोरीचं?"

"तिचंही आत आहे."

ती परत खिडकीबाहेर पाहू लागली.

जाणकाराचं उत्तर तिसऱ्या तपासणीच्या आधी आलं. डॉक्टरांनी रश्मीच्या खोलीतल्याच संगणकावर फोटो लावला आणि आम्हाला जवळ बोलावलं. डब्यात दोन प्रकार मिसळलेले होते. एक खाण्याजोगा. दुसरा त्याच्यासारखाच दिसतो, पोट बिघडवतो, जीव सहसा घेत नाही. घातक असा एकही तुकडा डब्यात सापडला नव्हता. जे खाल्लं गेलं त्याबद्दल मात्र डब्यावरून खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून तिसरी तपासणी होणारच. मी हे सगळं बाईला मराठीत सांगितलं.

"त्याले पूस, वळखायचा कसा," ती म्हणाली.

मी विचारलं. डॉक्टरांनी फोटो मोठा केला. देठाच्या बुडाशी पिवळाजर्द डाग होता. हा प्रकार बोटानं दाबला किंवा बुडाशी कापला की पिवळा पडतो, ते म्हणाले.

बाई संगणकाच्या अगदी जवळ गेली. बराच वेळ तिनं तो डाग पाहिला. मग आपला उजवा हात पुढे केला आणि बोटांकडे पाहत राहिली.

"पिवळी पडली व्हती," ती म्हणाली.

"काय?"

"तोडून साफ करून राहिली तवा. बुडाले पिवळी पडली व्हती. मले वाटलं, हळदीचा हात लागला."

मी ते डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांना आता त्याची गरज नव्हती. पण रश्मी पलंगावरून ऐकत होती.

"माय, इकडे ये," ती म्हणाली.

बाई गेली, पण पलंगाला हात न लावता उभी राहिली. "मले फरक नाई समजला पोरी," ती म्हणाली. साध्या आवाजात, बाजाराचा भाव सांगावा तसं. आयुष्यात तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. रश्मीनं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. यंत्र आपलं चालू होतं.

तिसरा कागदही ठीक आला. डॉक्टरांनी बाळाचे ठोके शेवटचे तपासले आणि म्हणाले, जा घरी. उमेंद्रनं त्यांचा हात धरला तो सोडेचना. डोरीनबाईंचा फोन आला होता, मी त्यांना कळवलं. थॉर्नरिगला आम्ही परत गेलो नाही. आमच्या पिशव्या त्यांनीच खाली आणून दिल्या.

घरी आल्यावर रश्मी म्हणाली, "माय, भूक लागली. वरणभात मांड."

"योगराज मांडन."

"मामाजीचा भात खाऊन परत दवाखान्यात जाऊ का?"

"मंग उमेंद्रले सांग."

"मी तुले सांगून राहिली," रश्मी म्हणाली. आईशी हट्ट करताना ती अजून चिचगडचीच होते.

बाई स्वयंपाकघरात गेली. आत डब्यांचा आवाज होत राहिला. मी डोकावलो तर ती तुरीची डाळ परातीत पसरून खिडकीच्या उजेडात दाणा दाणा फिरवत होती. दुकानातली, पाकिटबंद डाळ. मग तांदूळही तसाच. हळदीच्या डब्याशी तिचा हात थांबला. डबा तिनं मला दिला. "तू टाक," ती म्हणाली. मी टाकली.

ताटं मांडली. सवयीप्रमाणे रश्मीचं ताट पहिलं आलं, गरम, वर तुपाची धार. रश्मीनं भात कालवून घास उचलला.

"थांब," बाई म्हणाली.

तिनं लेकीच्या ताटातला भात आपल्या हातानं घेतला आणि आधी स्वतः खाल्ला. दोन दिवसांनंतरचा तिचा तो पहिला घास. मग ती पाटावर मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली, आणि आमच्याकडे न पाहता समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली.

उमेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. रश्मीनं उचललेला घास हळूच ताटात ठेवला. वरणभातच होता तो, पण कोणी तसं म्हणालं नाही. भातावरची वाफ गेली, तूप थिजत आलं, आणि आम्ही तिघंही ताटं पुढे घेऊन, बाई हो म्हणेपर्यंत बसून राहिलो.